साच्याला ठेवलेली वाटी

फ्रीझरच्या तळाशी हात घालून योरिकोनं तिसऱ्यांदा चाचपडलं. मटारची पिशवी लागली, दोन बांगडे लागले, उन्हाळ्यापासून पडून असलेला बर्फाचा ट्रे लागला. वर्तमानपत्रात गुंडाळलेला डबा काही लागला नाही.

बोटं बधिर झाली तशी ती उठली. तेवढ्यात देवघराच्या खोलीतून सासऱ्यांचा आवाज आला.

“योरिको, डबा बाहेर काढून ठेवलास का? बर्फ सुटायला वेळ लागेल.”

“हो बाबा, बघते.”

“बघायचं काय त्यात? काढून ठेव.”

मार्चमध्ये सासूबाई गेल्या, त्याच्या तिसऱ्या दिवशी तो डबा योरिकोलाच सापडला होता. कागद न सोडताच तिनं ओळखलं होतं. गेल्या वर्षीच्या होओन्कोची इतोकोनी. अझुकीचे लाल दाणे, अळकुड्या, मुळा, गाजर, गोबोची मुळं, सगळं मिसोत, आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्यात, मंद आचेवर शिजवलेलं. होओन्को म्हणजे संत शिनरानांची पुण्यतिथी; त्या दिवसांत खोऱ्यातल्या प्रत्येक चुलीवर हेच असतं. संतांना अझुकी फार आवडायची म्हणतात. तिनं डब्याचं सांगितलं तेव्हा सासरे, शोजिरो, फ्रीझरपाशी येऊन उभे राहिले. मग म्हणाले, “होओन्कोला सोडू. सगळ्यांना एकेक घास. तोवर तळाचा कप्पा कुणी उघडायचा नाही.”

त्या दिवसापासून रोज सकाळी चहाला येताना म्हातारा फ्रीझरच्या बंद दारावर तळवा टेकवायचा. क्षणभरच. आजारी माणसाच्या कपाळाला हात लावावा तसा. आठ महिने योरिकोनं ते पाहिलं होतं, आणि पाहिलं नाही असं दाखवलं होतं.

आणखीही एक गोष्ट तिनं दाखवली नव्हती. गेल्या वर्षी सासूबाईंना डाव उचलत नव्हता. त्या तिपाईवर बसून नुसतं सांगत होत्या, “अजून अर्धा चमचा मिसो. हं. आता झाकू नकोस.” हात सगळे योरिकोचे. पंगतीत मात्र जो तो म्हणाला, आईच्या हातची ती आईच्या हातची. सासूबाईंनी तिच्याकडे एकदा पाहिलं, आणि दोघींनी माना खाली घालून वाट्या उचलल्या.

“अहो,” तिनं नवऱ्याला हळूच हाक मारली. “इकडे या जरा.”

तोशिकाझु कारखान्यातून आला. कारखाना म्हणजे घराला लागून असलेली लांबोडी खोली. हातानो घराण्याच्या तीन पिढ्या तिथं उपाहारगृहांच्या काचेत ठेवायचे मेणाचे पदार्थ, नमुने, घडवत आल्या. हल्ली तोशिकाझु पर्यटकांना मेणाची कोबीची पानं करायला शिकवायचा आणि चाव्यांना अडकवायच्या मेणाच्या तळलेल्या कोळंब्या विकायचा.

“डबा नाहीये.”

“म्हणजे?”

“म्हणजे नाहीये. ऑगस्टात तुम्ही फ्रीझर साफ केला होता.”

“वरचा! तळाला हात लावायची माझी काय टाप?” तो खाली वाकला, आत डोकावला, सरळ झाला. “गेल्या महिन्यात बाबा मोतीबिंदूसाठी दवाखान्यात होते तेव्हा चिगुसा येऊन गेली ना?”

चिगुसा म्हणजे नागोयाला राहणारी तोशिकाझुची धाकटी बहीण, नमुन्यांना कला म्हणणारी. येत्या जानेवारीत तिचं प्रदर्शन होतं: आईच्या हातचे पदार्थ, मेणात. उन्हाळ्यात तिनं बाबांकडे मदत मागितली होती. “तुझी आई काय काचेत ठेवायची वस्तू आहे?” असं बाबा म्हणाले होते, आणि तेव्हापासून बाप-लेकीचं बोलणं फोनवरच्या हवापाण्यापुरतं उरलं होतं.

तोशिकाझुनं शेगडीवरच्या पातेल्याकडे पाहिलं. योरिकोनं पहाटे उठून यंदाची इतोकोनी केली होती. “असं कर. यातल्याच दोन वाट्या एखाद्या डब्यात भर. बाबांना काय कळणार?”

“नाही.”

“अगं, आपला धंदाच खोट्या वाट्यांचा आहे.”

“खोट्या वाटीतलं कुणी खात नाही,” योरिको म्हणाली, “म्हणून तो धंदा चालतो.”

दाराशी हात्सुए आत्यांचा आवाज खणखणला. त्र्याऐंशी वर्षांची, शोजिरोंची थोरली बहीण. “या, या! नागोयाच्या कलाकार आल्या! पहिल्या बसनं आलीस की उडत आलीस?”

“बसनं, आत्या. तू कशी आहेस?”

“मी? मी अजून माणसांत आहे. काचेत ठेवलं नाही कुणी.”

चिगुसा हसली नाही. हातातली कापडात बांधलेली पेटी तिनं चपलांच्या फळीवर जपून ठेवली, पुन्हा उचलली, आणि छातीशी धरूनच आत आली.

*

दहाला गोएन्सान आले. देवळाचे म्हातारे पुरोहित, दम्यानं वाकलेले. जिना चढताना दोनदा थांबायचे. पण एकदा का अमिताभ बुद्धासमोर बसून स्तोत्र आटोपलं आणि प्रवचनाला तोंड फुटलं, की हाच माणूस का तो, असा प्रश्न पडायचा. खोऱ्यात गाऊन प्रवचन सांगणारे ते एकटेच उरले होते. तरुण पुरोहित कागद बघून व्याख्यान देतात; चांगलं देतात, पण त्यानं डोळे भिजत नाहीत. गोएन्सान साधं बोलता बोलता कधी सुरावर चढत हे कळायचंसुद्धा नाही. नाव काठ सोडते ना, तसं. ओरखडा नाही, धक्का नाही, आणि बघावं तर आपण पाण्यावर.

आज त्यांनी उशिरा घरी येणाऱ्या मुलाची गोष्ट लावली.

“पोरगं कुठं होतं, काय करत होतं, आईनं विचारलं नाही. कमावलंस काय, तेही विचारलं नाही. तिनं नुसतं ताट झाकून ठेवलं. निवलं की ऊन करायचं, पुन्हा झाकायचं. पोराला वाटतं, मी घरी गेलो म्हणून मला जेवण मिळालं. अरे वेड्या…” आणि इथं आवाज उचलला गेला,

“दार वाजायच्या आधी पाऊल ओळखते ती,
हाक यायच्या आधी ओ देते ती,
तू वाट विसरलास, ताट नाही विसरलं,
झाकणाखाली नाव तुझंच वाफाळतं गं माय…”

“नामान्दाबु, नामान्दाबु,” बुद्धाचं नाम घेत आत्यांनी कपाळ चटईला टेकवलं. शेजारच्या दोन बायकांनी सूर धरला. गोएन्सान थांबले, श्वास घेतला, आणि अगदी घरगुती आवाजात म्हणाले, “आपण नाम घेतो म्हणतो. घेतो कुठं? वाढलेलं असतं, ते उचलतो.”

शोजिरो ताठ बसले होते. नव्या डोळ्यांना वेदीवरच्या ज्योती फार स्पष्ट दिसत होत्या. झाकलेलं ताट म्हणताच त्यांना निळी पट्टी आठवली.

बायकोच्या, फुमीच्या, डब्यांना लावायच्या दोन पट्ट्या असायच्या. उपाहारगृहांचे पदार्थ वाटेत खराब व्हायचे, म्हणून साच्यासाठी लागणारे कटलेट, आम्लेट-भात, रस्से तीच घरी करायची. प्रत्येक पदार्थ दुप्पट. पांढरी पट्टी लावलेला डबा घरी खायचा. निळी लावलेला साच्याला जायचा, म्हणजे त्यावर साच्याचं रबर ओतायचं आणि ते अन्न संपलं. निळ्या पट्टीवर काम कधीचं तेही लिहायची: घाईचं, नाहीतर घाईचं नाही. आणि एक नियम होता तिचा, त्यापुढं गिऱ्हाइकाचंही चालायचं नाही. आधी पोटाला, मग साच्याला.

तोशिकाझु रांगत होता तेव्हाची गोष्ट. होओन्कोचाच दिवस. ओसाकाच्या मोठ्या दुकानाचे साठ नमुने अडकले होते. फुमी इतोकोनीचं पातेलं घेऊन कारखान्याच्या दारात उभी राहिली. “अहो, एकदा हिचाही साचा घ्या ना.”

“घरच्या जेवणाचा नमुना? लावायचा कुठल्या काचेत?”

ती हसली होती. “खरंच की,” म्हणाली होती, आणि पातेल्यावर झाकण ठेवून गेली होती.

पुन्हा तिनं कधी मागितलं नाही. शोजिरोंना आज पहिल्यांदा प्रश्न पडला, ती हसली तेव्हा आपण मान वर करून पाहिलं होतं का? आठवत होतं ते पातेलं. तिचा चेहरा आठवत नव्हता.

*

काळ्या वाट्या मांडल्या गेल्या. योरिको वाढत शोजिरोंपाशी आली तेव्हा त्यांनी वाटीवर हात आडवा धरला.

“माझी रिकामी राहू दे. डब्यातलं आलं की घेईन.”

गोएन्सानांनी पहिला घास घेतला, डोळे मिटले. या दिवसांत चाळीस घरांची इतोकोनी त्यांच्या पोटात जायची. “कुणी केली?”

“मीच, गोएन्सान.”

“अगदी गेल्या वर्षीचीच चव.”

“काहीतरीच!” आत्या म्हणाल्या. “फुमीची सर कुठली याला? वाईट नाही हो योरिको, पण जे आहे ते आहे. शोजी, तो डबा मागव बाबा आता. माझी काही पुढच्या वर्षीची खात्री नाही.”

“तू गेली वीस वर्षं हेच म्हणतेस,” शोजिरो म्हणाले. आज त्यांच्या आवाजात चक्क थट्टा होती. “योरिको, आण.”

योरिकोनं हातातला डाव खाली ठेवला.

“बाबा, त्याचं काय आहे,” तोशिकाझुनं घसा साफ केला, “बर्फ अजून नीट सुटला…”

“डबा नाहीये, बाबा,” योरिको म्हणाली.

“मी नेला,” पंगतीच्या टोकाकडून चिगुसा म्हणाली. “गेल्या महिन्यात. साचा घेतला त्याचा.”

आत्यांच्या हातातल्या जेवायच्या काड्या वाटीवर वाजल्या. “साचा? त्या रबरात घातलास?”

“सिलिकॉनमध्ये.”

“अगं आमच्या वेळी शेवाळाची खळ ओतायचे, साचा निघाला की अन्न धुऊन खाता तरी यायचं! तुमचं ते विष ओतून फेकून दिलंस? आईच्या हातचा शेवटचा घास?”

“आत्या, मला माहीत नव्हतं बाबा तो आजच्यासाठी…”

“विचारायला जीभ नव्हती?”

“होती. विचारणार कुणाला?”

हे तिनं बापाकडे बघून म्हटलं, आणि लगेच नजर खाली घातली. तोशिकाझु बायकोकडे वळला. “सांगत होतो ना मी, गुपचूप भर म्हणून?” ते सगळ्यांना ऐकू गेलं.

शोजिरो ओरडले असते तर सगळ्यांना सुटल्यासारखं झालं असतं. त्यांनी आपली रिकामी वाटी उचलली, पालथी घातली, गोएन्सानांना वाकून नमस्कार केला आणि उठून कारखान्याकडे गेले. जिथं मार्चपासून त्यांनी पाऊल टाकलं नव्हतं.

गोएन्सान तेवढे सावकाश जेवत राहिले. वाटी संपवून पुढं केली. “योरिकोबाई, अजून थोडी.”

*

पाहुणे गेल्यावर स्वयंपाकघरात दोघी वाट्या विसळत होत्या. बाहेर भुरभुर बर्फ सुरू झाला होता.

“तूही ओरड ना वहिनी,” चिगुसा म्हणाली. “तू गप्प राहिलीस की जास्त लागतं.”

“फ्रीझर उघडलासच कशाला?”

चिगुसानं एक वाटी पुसून ठेवली. नागोयाच्या खोलीत ती एकटी राहायची. प्रदर्शनासाठी तिनं आईचं सगळं करून पाहिलं होतं: गुंडाळलेलं आम्लेट, मुळ्याचं लोणचं, शाळेच्या डब्यातले भाताचे गोळे. साचे घेतले, मेण ओतलं, रंगवले. टेबलभर आई मांडून ठेवायची आणि खाली जाऊन दुकानातला तयार भात आणायची. हे कुणाला सांगणार?

“आईचं काहीतरी उरलंय का बघत होते,” ती म्हणाली. “काहीही. चटणीची बाटली चालली असती. तर तो डबा. कागद सोडला आणि वर हे.”

तिनं पेटी उघडली. वर डब्याचं झाकण होतं. त्यावर निळी पट्टी, आणि पट्टीवर सासूबाईंचं बुटकं, गोल अक्षर.

योरिकोनं हात पुसले. वाचलं. पुन्हा वाचलं. “हे तिकडं, सगळ्यांसमोर का नाही दाखवलंस?”

“त्यांच्यासमोर दाखवलं असतं तर बाबांना चारचौघांत…” तिनं वाक्य सोडून दिलं. “मला वाटलं होतं, आज एकट्यांना गाठून देईन.”

“चाखलीस?”

“नियम होता ना. एक अळकुडी खाल्ली. मग ओतलं.”

“कशी होती?”

चिगुसानं तिच्याकडे पाहिलं. “खरं सांगू? आज वाटी तोंडाला लावली आणि दचकले. हीच होती.”

योरिको नळाकडे वळली. नळ बंदच होता. तिनं तो उघडला आणि वाहू दिला.

“जा,” जरा वेळानं ती म्हणाली. “अंधारायच्या आत जा. त्यांना उजेड लागतो.”

*

शोजिरो खिडकीपाशी आपल्या जुन्या बाकावर बसले होते. समोर मेणाच्या कोळंब्या रांगेनं टांगलेल्या. पाऊल ऐकूनही त्यांनी वळून पाहिलं नाही.

चिगुसानं त्यांच्यापुढं झाकण ठेवलं. “डब्यावर होतं, बाबा. कागदाच्या आत.”

त्यांनी झाकण उजेडात धरलं. मोतीबिंदूच्या सात-आठ वर्षांत निळा रंग त्यांना राखाडी दिसायचा. आता निळा निळा दिसत होता.

*साच्याला. काळ्या वाटीत. घाईचं नाही.*

बर्फ काचेवर टेकत होता आणि विरघळत होता. ते म्हणाले, “मी रोज दारावर हात ठेवायचो.”

“वहिनीनं सांगितलं मघाशी.”

“हात ठेवून काय उपयोग? उघडायला हवं होतं.” त्यांनी अंगठ्यानं पट्टीची सुटलेली कड दाबून बसवली. “हे माझ्यासाठी लिहिलं होतं तिनं. माझं काम होतं हे. तू केलंस.”

“चुकलं माझं.”

“दाखव.”

चिगुसानं पेटीतून वाटी काढली. काळी वाटी, आत फिकट मेणात उतरलेली इतोकोनी. दाणा न् दाणा होता, फुटलेल्या अझुकीचं सालसुद्धा होतं, पण रंग नव्हता. सगळं बर्फ पडल्यासारखं पांढरं.

“रंग का नाही दिलास?”

“अकरा वेळा दिला. अकरा वेळा खरवडला. कधी चॉकलेट दिसतं, कधी चिखल. तेच विचारायला आले होते आज. बाबा, रंग कसा होता हो?”

शोजिरोंनी वाटी फिरवली. बोटानं मुळ्याची एक फोड चाचपली. मग आवाज चढवून हाक मारली, “योरिको! तुझी वाटी आण. गरम करून आण.”

योरिको आली. वाफाळती वाटी त्यांनी मेणाच्या वाटीशेजारी ठेवली, खिडकीच्या उजेडात. दोन्हींवर वाकले.

“हाच,” ते म्हणाले. “गेल्या वर्षी डाव तुझ्या हातात होता ना?”

योरिको बघतच राहिली. “तुम्हाला ठाऊक होतं?”

“फुमी मुळा तिरका कापायची. वाटीत मुळा सरळ होता. हा बघ, अजून सरळच आहे.” त्यांनी मेणाची फोड दाखवली. “रंग दिसत नव्हते तेव्हा, पण आकार दिसायचे. तरी बोललो नाही. ते तिचं होतं, असं धरून बसलो.” थांबून म्हणाले, “सांगायला हवं होतं. चांगली झाली होती.”

“आईंनी सांगितलं तसं केलं फक्त,” योरिको कशीबशी म्हणाली.

“काड्या दे.”

“तुम्ही… खाणार?”

“आधी पोटाला,” शोजिरो म्हणाले.

त्यांनी अर्धी वाटी खाल्ली. सावकाश, एकेक दाणा टिपत, आवाज न करता. अर्धी ठेवली. घरातून आत्यांचा बारीक, एकसुरी आवाज येत होता, नामान्दाबु, नामान्दाबु. भांडून दमल्या होत्या बहुतेक.

मग त्यांनी खण उघडला. नळ्या कोरड्या पडल्या होत्या. लाल आणि गेरू तेवढे दाबल्यावर निघाले. बशीत लालाचा ठिपका, गेरूचा जास्त, काळ्याचं नुसतं टोक. “अळकुडीच्या कडेला बघ,” ते चिगुसाला म्हणाले, “दाण्याचा रंग तिथं येऊन थांबतो. पूर्ण आत जात नाही. जांभळट रेघ उरते. तुला ती सापडली नसणार.”

“नाही सापडली.”

त्यांनी कुंचला रंगात बुडवून उचलला. बाकाच्या पलीकडं भिंतीशी फुमीची तिपाई होती. पट्ट्या कापत ती तिथं बसायची. शोजिरोंनी तिकडं एकदा पाहिलं. कुंचल्याचं टोक पहिल्या दाण्याच्या वर येऊन थांबलं, सरकलं, पुन्हा थांबलं. चिगुसा पुढं झाली आणि तिनं त्यांचं मनगट धरायला हात केला.

“सोड,” ते म्हणाले. “घाईचं नाही.”